हजेरीची सही

शहराचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचा ठरला, तेव्हा नागरिकांच्या समितीवर मला घेतलं. बाई, निवृत्त शिक्षिका आणि बौद्धवाडीतली. तीन रकाने भरायचे होते, ते एका खुर्चीत भरले. फोन करणाऱ्या अधिकाऱ्याने हे इतक्या मोकळेपणी सांगितलं की मला राग यायला हवा होता. आला नाही. मी विचारलं, "किती वाजता यायचं?" आणि इस्त्रीची साडी काढून ठेवली. या प्रकरणात ज्या ज्या माणसांचा मला तिटकारा आला, त्यांची मोजणी मी स्वतःपासून सुरू करते.

आमचं शहर म्हणजे फुगलेलं गाव. रत्नागिरीहून एसटीने तासाभरावर, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. मी देवरूखला शिकले, पूर्णगडला भूगोल शिकवला, पण घर इथलंच. समितीत नकाशा वाचता येणारी मी एकटीच, असं मला वाटायचं. तोही एक माजच.

कार्यशाळा एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. पुण्याचा सल्लागार आला होता. चाळिशीचा, गळ्यात ओळखपत्र, बोलणं लोण्यासारखं. तो म्हणाला, "डोळे मिटा आणि तुमच्या नातवंडांचं शहर बघा." डॉक्टर, बागायतदार, दुकानदार, हॉटेलवाले, अशा चाळीसेक मोठ्या माणसांनी एसीच्या गारव्यात डोळे मिटले. मी मधेच उघडून पाहिलं. सल्लागार मोबाइल बघत होता.

मग मोठ्या कागदांवर स्वप्नं लिहायची होती. पोहण्याचा तलाव, मॉल, चार मजली पार्किंग. पेपर आणायलासुद्धा स्कूटर काढणाऱ्या कितीतरी गृहस्थांनी 'समुद्रालगत चालण्याचा मार्ग' असं ठळक अक्षरात लिहिलं आणि एकाने खाली दोन रेघा ओढल्या. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी लिहिलं, 'किनाऱ्यावरचा वास बंद व्हावा.' त्यांना टाळ्या पडल्या.

शेवटी भिंतीवर शहराचा नकाशा लावला आणि प्रत्येकाला तीन हिरव्या, तीन लाल टिकल्या दिल्या. जपायची जागा हिरवी, बदलायची जागा लाल. माझ्या हिरव्या मी पटकन लावून टाकल्या. एक वाचनालयाला, एक शाळेला, एक आमच्या वाडीच्या रस्त्याला. बाकीच्यांच्या लाल टिकल्या किनाऱ्यावरच्या एका पांढऱ्या तुकड्यावर जमल्या. तिथे छापलं होतं, 'रिकामी जागा'. कोळीवाड्यातल्या बायका तिथे मासळी वाळवतात. हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या घरात पावसाळ्यात शिजणारा सुका जवळा तिथूनच येतो.

कोळीवाड्यातून एकच बाई आली, तीही उशिरा, कारण कार्यशाळेची वेळ आणि जेटीवरच्या मासळीच्या लिलावाची वेळ एकच होती. पन्नाशीची, आमच्या वाडीत सुकी मासळी विकायला येते म्हणून माझ्या ओळखीची. तिची टोपली वॉचमनने बाहेरच ठेवून घेतली होती. ती नकाशासमोर बराच वेळ उभी राहिली.

"ह्यात आमची जागा कुटं हाय?"

सल्लागाराने पांढऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं. "ही बघा मावशी. सध्या रिकामी आहे. इथे फार छान काहीतरी होऊ शकतं."

"रिकामी कशी? दिवाळीपासून मिरगापर्यंत आमी तितं वाळत घालतो. तुमी मोजायला आलात तवा पाऊस आसंल."

मागे कोणीतरी हसलं. सल्लागार म्हणाला, "वा, हे फार महत्त्वाचं आहे," आणि तिच्या बोटावर एक हिरवी टिकली ठेवली. एकच, कारण बाकीच्या संपल्या होत्या. तिने ती चिकटवली. फोटोवाल्याने तिला पुन्हा चिकटवायला लावली, पहिल्यांदा हात आडवा आला होता म्हणून.

मी तिथे तीन पावलांवर उभी होते. ही जागा रिकामी नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. जेवण लागलं होतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आम्हाला पनीर वाढलं आणि ताट घेण्याआधी एका कागदावर सही करायला सांगितली. मी केली.

दोनेक महिन्यांनी आराखड्याचा मसुदा लागला. पांढऱ्या तुकड्यावर चालण्याचा मार्ग, बाकं आणि फोटो काढायला एक चौथरा. खाली टीप होती, 'सहभागी नागरिकांच्या बहुमतानुसार'. हरकतींना महिन्याची मुदत होती. मी कोळीवाड्यात गेले. त्या मासळीवालीला बातमी आधीच कळली होती.

"बाई, त्या दिवशी तुमी होतात की तितं," ती म्हणाली.

"होते."

"मग?"

मी पिशवीतून कोरा कागद आणि पेन्सिल काढली. तिने ते बघितलं, जाळ्याचा दोर आणला आणि आम्ही जागा मोजायला लागलो. तिथे एकही हद्दीचा दगड नाही, पण कुठल्या घराची मासळी कुठवर पसरते हे प्रत्येकीला पाठ होतं. भांडण फक्त एका कोपऱ्यावरून झालं, तेही दोन जावांचं. मी नकाशा काढला. इतकी वर्षं मी फळ्यावर नकाशे काढले, पण विचारून विचारून काढलेला हा पहिलाच. मग घरोघरी बसून हरकती लिहिल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, म्हणून सगळ्यांत तेच लिहिलं.

सुनावणी रत्नागिरीत झाली. दिवसाचा धंदा बुडवून ती आणि आणखी तिघी माझ्याबरोबर आल्या. अधिकाऱ्याने गठ्ठा चाळला आणि म्हणाला, "समान स्वरूपाच्या हरकती एकच धरू. एकीने बोला." म्हणजे हॉलमध्ये तोच तो चालण्याचा मार्ग मागणारे अनेक होते तेव्हा ते बहुमत झालं, आणि इथे अख्खा कोळीवाडा एकच गोष्ट सांगत होता तर ती एक हरकत झाली. मी नकाशा पसरला आणि बोलायला लागले. त्याने शांतपणे एक पान उलटलं.

"तुम्ही तर समितीच्या सदस्य. कार्यशाळेला तुमची सही आहे."

"ती हजेरीची सही आहे."

"हजेरी म्हणजेच सहभाग ना, बाई? सहभागाने ठरलेल्या गोष्टीवर तुम्हीच हरकत घेताय."

तो उद्धट नव्हता. अशी माणसं कधीच नसतात. तेवढ्यात माझ्या मागून ती म्हणाली, "सायेब, त्यांची नका धरू. आमची धरा."

त्याने ते लिहून घेतलं.

अंतिम आराखड्यात जागेचे दोन भाग झाले. अर्धी 'मासळी वाळवण क्षेत्र', अर्धी चालण्याच्या मार्गाला. बायकांना दिलेला अर्धा भाग भरतीच्या रेषेजवळचा, ओला. वाऱ्याचा, कोरडा कातळ चालणाऱ्यांना. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. सल्लागाराला यात समतोल दिसला असेल. सदस्यांना गुळगुळीत कागदाचा अहवाल घरपोच आला. मी राजीनामा पाठवला. उत्तर आलं की राजीनाम्याची तरतूद नाही, समिती आराखड्याच्या मुदतीपर्यंत आहे. म्हणजे मी मेल्यानंतरही काही वर्षं सदस्य असेन.

गेल्या मे महिन्यात ती वाडीत आली तेव्हा मी जवळ्याचा विषय काढला. ओल्या जागेत वाळतो कसा?

"कोरड्या जागेतच घालतो की. काम सुरू होईपर्यंत घालू द्या म्हनून लेखी आनलंय. आमी बाराजणी गेलो, हापिसात दारातच बसलो. दोन दिस लागले."

"मला का नाही सांगितलंत?"

ती जवळा मापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमाला कशाला तरास? आनि तुमची सही आसली की घोळ होतो, बाई."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी पिशवी धरली, तिने माप ओतलं आणि वर एक मूठ जास्त घातली. ती मूठ नको म्हणायचं माझ्या मनात होतं. म्हटलं नाही. चालण्याच्या मार्गाचं काम अजून सुरू झालेलं नाही.