रजेसाठी रडायची रीत

आमच्या कंपनीत रजेचा अर्ज मोबाइलवर भरतात, पण साहेब तोंडानं ‘जा’ म्हणाल्यावर. साहेब म्हणजे आमचे सुपरवायझर. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळे लाइनच्या टोकाला उभे राहतात, ज्याला रजा पाहिजे तो एक पाऊल पुढं येतो आणि कारण सांगतो. बाकीचे बघतात. साहेब डोळे बारीक करून ऐकतात आणि मग निकाल देतात. बारा वर्षं ते हेच ऐकत आलेत, त्यामुळं त्यांची पारख मोठी आहे असं ते स्वतःच सांगतात.

त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, ते आधी लिहून टाकतो. मी नववीतून शाळा सोडून हिंगोलीकडून चाकणला आलो तेव्हा दहावीच्या खाली कुणी घेत नव्हतं. साहेबांनी ठेकेदाराला शब्द टाकला आणि मला पार्ट तपासायच्या टेबलावर बसवलं. सात वर्षं झाली, अजून बसलोय. अजून कुणी उठवेल का याची भीतीही रोज वाटते.

या सात वर्षांत मी काही शब्द शिकलो. कामगाराचं डोकं दुखलं की ते ‘नाटक’. दुसऱ्या दिवशीही दुखलं तर ‘नौटंकी’. दोघा-तिघांचं एकदम दुखलं तर ‘तमाशा’. पॅकिंगमधल्या बायकांपैकी कुणी बोललं तर ‘ड्रामा’. आणि आमचे प्लांट हेड बदलून गेले, निरोपाच्या दिवशी चष्मा काढून पाच मिनिटं माइकवर हुंदके देत राहिले, तेव्हा एचआरच्या मॅडमनी ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, ‘एक भावनिक क्षण’.

‘मेलोड्रामा’ हा शब्दही मॅडमचाच. कुणीतरी सूचनापेटीत कॅन्टीनच्या डाळीवर दोन पानं लिहून टाकली होती, ती वाचून त्या म्हणाल्या, “किती मेलोड्रामा.” मी अर्थ विचारला. “भावना गरजेपेक्षा जास्त दाखवली की मेलोड्रामा,” त्यांनी समजावून सांगितलं. माझ्या टेबलावर दोन गेज असतात. चांगला पार्ट एकात जातो, दुसऱ्यात जात नाही. भावनेची गरज किती हे मोजायचा गेज कुणाकडं असतो, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. मॅडम चांगल्या आहेत, माझा पीएफचा फॉर्म त्यांनीच भरून दिला होता.

मागच्या वर्षी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. तिचा एक डोळा लहानपणीच गेलेला, त्यामुळं जो काही होता तो हाच. घरात दुसरं कुणी नाही. मला चार दिवस पाहिजे होते. मी पुढं आलो आणि जे होतं ते सांगितलं.

साहेब म्हणाले, “आईचा एकच डोळा, अन् तू सांगतोय असा की जसा काय पेटीत एक पार्ट कमी हाय. खरं वाटंना राव.”

माझ्यानंतर एक जण आला. त्याचा मामा वारला होता. याच मामाची ही तिसरी वेळ होती, पण तो कोसळला असा की दोघांना धरावं लागलं. त्याला तीन दिवस मिळाले.

खोलीवर माझ्या पार्टनरनं मला पत्र्याच्या कपाटाच्या आरशासमोर उभं केलं. “भावा, तू बातम्या दिल्यासारखा बोलतोस. आधी गप्प उभा राहा. साहेब ‘काय झालं’ म्हणेपर्यंत बोलायचं नाही. मग खाली बघून म्हणायचं, ‘काही नाही साहेब.’ दोनदा.”

“पण झालंय ना काहीतरी.”

“ते तिसऱ्यांदा सांगायचं.”

दुसऱ्या दिवशी मी तसंच केलं. खऱ्या गोष्टीचं सोंग घ्यायला फार लाज वाटते, पण घेतलं. साहेब वाकून ऐकायला लागले. ‘एकच डोळा’ म्हणालो आणि मला खरंच भरून आलं. नाक वाहायला लागलं, शब्द फुटेना.

“बास बास,” साहेब म्हणाले. “मगाशी झकास चालला व्हता. आता ओव्हरॲक्टिंग व्हायला लागली. दोन दिवस घे.”

लाइन हसली. नाक पुसत मीही हसलो आणि साहेबांना दोनदा थँक्यू म्हणालो.

गावी गेलो, आईला सरकारी दवाखान्यात भरती केलं. पेशंट जास्त झाले आणि तिचं नाव एक दिवस पुढं गेलं. म्हणजे माझी रजा संपणार आणि दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन. तिच्या खाटेजवळूनच मी साहेबांना फोन लावला.

“आता भाग दुसरा का?” ते म्हणाले. “उद्या कामावर दिसला न्हाई तर टेबलावर दुसरा बसंल.”

माझ्या फोनचा आवाज मोठा आहे. आई म्हणाली, “दे इकडं.”

तिनं फोन तोंडाजवळ धरला. “सायेब, म्या त्याची आंधळी माय बोलायले. तुमी माझ्या लेकराला भाकरीला लावलं, माझं आयुष्य तुमच्या लेकरायला लागो. पर पट्टी सुटल्यावर म्या पयलं तोंड कोणाचं बघू वो? भिंतीचं?” आणि तिनं असा गळा काढला की शेजारच्या तीन खाटांवरच्या बायका उठून बसल्या. एकीनं पदर डोळ्याला लावला.

साहेबांचा आवाज बदलला. “मावशी, रडू नका. त्याला म्हणावं, पट्टी सुटल्यावरच ये.”

आईनं फोन माझ्या हातात दिला. “बंद झाला का बघ. आन् च्या मिळतो का बघ.”

चहा आणायला वळलो तर सिस्टर धावत आली. “मावशी, उद्या डोळा करायचाय आणि रडताय? लाल झाला तर डॉक्टर हात लावणार नाहीत, घरी पाठवतील.”

मी चहा विसरून खाटेजवळ परत आलो. माझं टेबल वाचवायला तिनं डोळा पणाला लावला होता, आणि मी बाजूला उभा राहून तिच्या आवाजाचं कौतुक करत होतो.

सकाळी डॉक्टरांनी बॅटरी मारून पापणी वर केली. बराच वेळ बघितलं.

“डोळा स्वच्छ आहे. काल रडलात म्हणे?”

“रडले ना,” आई म्हणाली. “पर पाणी कशाला काढू? डोळ्याचंच काम हाय. नुसता आवाज लावला.”

डॉक्टर हसत तिला आत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. तिनं माझ्याकडं निरखून बघितलं आणि विचारलं, दाढी का केली नाहीस.

हल्ली कुणी रजेला पुढं येऊन मुसमुसायला लागला की साहेब त्याला थांबवतात आणि माझ्याकडं बोट करतात. “याच्या आईला ऐकायला पायजे व्हतं तुमी. तिच्यात एक टक्का नाटक न्हवतं. बारा वर्षांत खरं रडणं म्या तेवढंच ऐकलं.”

सगळे माझ्याकडं बघतात. मी मान हलवतो. दिवाळीनंतर तिला पुन्हा तपासायला न्यायचं आहे.