दाढीची परवानगी

गालावर खुंट असलेल्या माणसावर आमच्या मामसासऱ्यांनी जन्मात विश्वास ठेवलेला नाही, मग तो डॉक्टर असो की देवळातला पुजारी. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते बेसाला घर बांधून राहिले, पण सकाळची तपासणी काही सुटली नाही. रांगेत जवानांऐवजी आता दूधवाला, पेपरवाला आणि सणावाराला आलेला मी असतो, एवढाच फरक. दूधवाल्याची वरची गुंडी उघडी दिसली की ती लागेपर्यंत मामा पातेलं पुढे करत नाहीत. घरात घालायचा पायजमासुद्धा असा कडक इस्त्रीचा, की आधी मामा बसतात आणि पायजमा मागाहून बसतो. माझ्या लग्नात आहेर देताना त्यांनी माझ्या गालावरून उलटा अंगठा फिरवला आणि भटजींच्या देखत सांगितलं, "जवाईबापू, हनुवटीखाली राहून गेली."

अशा माणसाच्या एकुलत्या मुलीने, पल्लवीने, नौदलातला मुलगा पसंत केला. कन्हानचा, शांत, हसरा, आणि या कानापासून त्या कानापर्यंत भरगच्च दाढी. तो भेटायला आला तेव्हा मामांनी चहा येण्याआधीच विचारलं, "काहून गा, तुले तिथे कोणी काही म्हणत नाही?"

"परवानगी घेतली आहे, काका. आमच्यात चालते. आता तर मेसमध्ये कुर्ता-पायजमाही चालते."

"पायजम्यात जहाज चालवून राहिले," मामा माझ्या कानाशी पुटपुटले. मग त्याला म्हणाले, "दाढी काढ, मग बोलू."

"काढायलेही परवानगी लागते, काका."

नियमापुढे मामांचं आयुष्यभर काही चाललेलं नव्हतं. पण होकारही देईनात. पल्लवीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. ती ताट वाढायची आणि न बोलता आत जायची. मामा एकटेच जेवायचे.

शेवटी एका सकाळी त्यांनी मला गाडी काढायला लावली आणि न कळवता आम्ही कन्हानला त्याच्या घरी थडकलो. मुलगा अंगणात आरशासमोर कंगवा-कात्री घेऊन दाढीची कड सारखी करत होता. मामा त्याच्याभोवती एक फेरी फिरले, वाकून दोन्ही बाजू पाहिल्या.

"रेषेत आहे," ते मला म्हणाले. "लग्न लावून टाका."

पल्लवी आता दूर समुद्रकाठी राहते. नवरा जहाजावर, तिला तिथल्या नोकरीत रजा मिळत नाही. परवा सहज बेसाला गेलो, तर मामांनी दार उघडलं आणि मी दचकलो. गालांवर पांढरे खुंट.

"तब्येत बरी आहे ना, मामा?"

"बरी आहे. वाढवून राहिलो." ते जरा लाजले. "पोरगी फोनवर उदास बोलते. दाढी नीट वाढली की तिले फोटो पाठवतो. पाहून हसन ती."

मग गालावरून हात फिरवत त्यांनी हळूच विचारलं, "अजून किती दिवस लागतील, जवाईबापू?"