फाटकावरची मूळ संख्या

कुठलाही आकडा दिसला की आमच्या गणिताच्या बाई म्हणायच्या, "फोडून पाहू." गाडीची नंबरप्लेट असो की गॅसचं सिलिंडर, रस्त्यातच थांबून मनात भाग लावायच्या. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून थकायचा. तुमच्याही शाळेत असं एखादं माणूस असेलच.

नववीत याच बाईंनी भर वर्गात मला सांगितलं होतं, "तुझं डोकं गणिताचं नाही." पुढे मी भेडाघाटला फुटपाथवर संगमरवरी मूर्ती विकत विकत स्वतःचं दुकान उभं केलं, पण ते वाक्य पचलं नाही. बाईंनी शब्द मागे घ्यावा, एवढंच मला हवं होतं.

निवृत्तीनंतर एकदा बाई माझ्या दुकानात आल्या. जबलपूरच्या घराच्या फाटकावर पाटी हवी होती. मजकूर एवढाच: ७३९३९१३३.

"नाव नको? पोस्टमन काय करेल?"

"पोस्टमन मला ओळखतो. याला कोणी ओळखत नाही. मूळ संख्या आहे. एक आणि स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही."

मी हसलो. घासाघीस करण्यात माझा जन्म गेला. न तुटणारा आकडा मी पाहिला नव्हता. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. तीननं जाईना, सातनं जाईना, तेरानं जाईना. बाई शांतपणे चहा पीत होत्या.

"आता शेवटचा तीन काढ. उरतं तेही मूळ. आणखी एक काढ, तेही. असं थेट सातापर्यंत."

"आणि पुढे एखादा आकडा जोडला तर?"

"कुठलाही जोड, फुटतो. उजवीकडून सोलत गेलं तरी मूळच राहणारी याहून मोठी संख्या नाही. जगात कुठंच नाही."

भेडाघाटचे संगमरवरी कडे नर्मदेनं कोरले, हे मला समजतं. हा आकडा कोणी कोरला?

पाटी मी स्वतः घडवली. बसवताना मजुराच्या हातून निसटली आणि शेवटचे दोन आकडे तुटून पडले. मी असा कडाडलो की गल्ली गोळा झाली. बाई बाहेर आल्या.

"काहून ओरडून राहिला रे? वाच ना, काय उरलं."

७३९३९१. माझ्या तोंडून निघालं, "ही पण?"

"ही पण. अशीच लाव."

मी संधी साधली. "बाई, आता तरी नववीतला शब्द मागे घ्या."

"काहून घेऊ? तेव्हा 'ही पण?' असं कधी विचारलं होतंस?" आणि हसल्या. सिमेंट धरेपर्यंत मी त्यांच्याकडे पाठ करून पाटी दाबून उभा राहिलो.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. शब्द मागे न घेता गेल्या, हा राग आहेच.

परवा घराच्या नव्या मालकानं बोलावलं. "भैया, ये टूटा पत्थर बदल दो. घर का नंबर भी नहीं है ये."

"पहले इसको भाग देके देखो," मी म्हणालो.

त्यानं हसत मोबाईल काढला. तीननं पाहिलं, सातनं, अकरानं. हळूहळू त्याचं हसू गेलं, भुवया जवळ आल्या. आतून बायकोनं जेवायला हाक मारली, ती त्याला ऐकू गेली नाही. मी फाटकाला टेकून उभा राहिलो. मला कुठलीच घाई नव्हती.