मेलखालचा फोटो

मी तसा तापट माणूस. चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळतो, म्हणजे गाड्यांचे सुटे भाग ट्रकमध्ये भरून मोटार कंपन्यांकडे वेळेवर पोचवणं हे माझं काम. ड्रायव्हर, हमाल, स्टोअर, गेट, सगळ्यांना आवाज द्यावा लागतो आणि देवानं मला आवाजही त्याच मापाचा दिला आहे. पण गेल्या वर्षी अशा एका गोष्टीनं मला नमवलं, जिच्यावर ओरडून काही उपयोग नव्हता. माझ्या कॉम्प्युटरवरचा मेल.

आमच्याकडे मेल म्हणजे नुसता पत्रव्यवहार नव्हे. ट्रक निघाला की त्यात कुठला माल किती आहे याचा तपशील समोरच्या कंपनीला मेलनं जातो, आणि तो पोचला नसेल तर त्यांच्या गेटवर गाडी आत घेत नाहीत. तर हा मेल लिहायला घेतला की पडदा पांढुरका व्हायचा, ते गोल चक्र फिरायला लागायचं आणि मी हात बांधून बसायचो. चहा पिऊन यावं तरी चक्र तिथंच. इकडे ड्रायव्हर खिडकीतून डोकावतायत, तिकडून फोन, की तुमची गाडी दारात उभी आहे, मेल कुठाय. एकदा मी माऊस असा आपटला की त्याचं चाकच निखळलं. नवा माऊस आला, मेल तसाच राहिला.

आमच्या आयटीवाल्यांना सांगावं तर ते म्हणत, तिकीट टाका. तिकीट म्हणजे तक्रार. ती टाकली की तिचं उत्तर मेलवर येणार. आता मेल उघडत नाही म्हणून तर तक्रार, ते उत्तर मी वाचणार कुठं? वेळेत काही कळवलं नाही म्हणून तक्रार आपोआप बंद व्हायची. शेवटी एक माणूस आला, त्यानं मशीन बंद करून चालू केलं, जुने मेल काढून टाकायला लावले आणि गेला. वर्षानुवर्षं जपलेले मेल मी काळजावर दगड ठेवून पुसले. फरक काडीचा पडला नाही.

खात्यातल्या बाकीच्यांचाही मेल अडकायचा, पण गाड्यांचे मेल मी पाठवायचो, म्हणून बोंब माझ्या नावानं. एका शुक्रवारी प्लांटच्या मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान, माणूस वाईट नाही. समजुतीच्या सुरात म्हणाले, काका, हे कॉम्प्युटरचं काम आता नव्या मुलांकडे देऊ, तुम्ही स्क्रॅप यार्ड बघा, तिथं दगदग नाही, सोमवारी ठरवून टाकू. म्हणजे साहेबांच्या लेखी मेल संथ नव्हता, मी संथ झालो होतो. ज्या खात्यात उभं आयुष्य काढलं तिथून मला भंगारात पाठवायला निघाले होते. त्या दिवशी मी कुणावर आवाजही चढवला नाही, यावरून काय ते समजा.

माझी लेक माणच्या आयटी पार्कात काम करते. परदेशातल्या ऑफिसांचे कॉम्प्युटर अडले की तिथले लोक हिला फोन करतात आणि ही इथून त्यांना सोडवते. तिला सांगावं असं माझ्या डोक्यात कितीदा तरी आलं होतं. पण बापानं लेकीपुढं हात टेकायचे, हे काही जमेना. शेवटी तिच्या आईनं सांगितलं. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी आणि तिला शनिवार-रविवार, त्यामुळं शनिवारी सकाळी ती घरात होती. मी बूट घालत होतो तर म्हणाली, कामावर पोचलात की फोन करा. तुमच्या कंपनीच्या मशीनमध्ये मला बाहेरून शिरता येणार नाही, ते चालतही नाही. तुम्ही बघा आणि मला सांगा, बाकी मी बघते.

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. आसपासची मंडळी खुर्च्या सरकवून कान देऊन बसली.

"बाबा, नेमकं काय करताना अडकतं?"

"समदंच करताना."

"समदंच असं काही नसतं. आधी चिडायचं नाही. एकेक करून बघू."

आणि खरंच एकेक करून बघू लागली. मेलला जोडलेली जी काही जादा अवजारं होती ती एक एक बंद करायला लावली, दर वेळी मेल बंद करून पुन्हा उघडायला लावला. मी एखादी गोष्ट बरोबर केली की म्हणायची, छान, आता पुढं. घरात तिनं मला कधी छान म्हटल्याचं आठवत नाही. हा तिचा कामातला आवाज होता, थंड, नीट, घाई नसलेला. मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. एरवी जेवताना मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसते ती हीच का, असं वाटून गेलं.

अवजारांचा दोष निघाला नाही. मग तिनं बाहेरच्या कंपनीतून आलेला एक मेल उघडायला सांगितला. झटकन उघडला. आता तुमच्याच खात्यातल्या कुणाचा तरी उघडा, म्हणाली. चक्र सुरू. पुन्हा एक बाहेरचा, झटकन. पुन्हा एक घरचा, चक्र.

"म्हणजे मशीन चांगलं आहे, बाबा. तुमच्या लोकांच्या मेलमध्ये असं काय आहे, जे बाहेरच्यांच्या मेलमध्ये नाही?"

मी वरून खालपर्यंत बघत गेलो. अगदी तळाला, पाठवणाऱ्याच्या नावाखाली, एक रिकामा चौकोन होता आणि त्यात लाल फुली. तिथं काय आहे हे मला बघायची गरज नव्हती. तिथं आमचा फोटो होता.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोटार कंपनीनं आमच्या खात्याला ढाल दिली होती, वर्षभरात एकही गाडी उशिरा न गेल्याबद्दल. लोडिंगच्या धक्क्यावर सगळे उभे, मधोमध ढाल घेतलेला मी. तो फोटो मी माझ्या प्रत्येक मेलखाली लावून घेतला होता. फोटो जड होता, म्हणून तेव्हाच्या आयटीवाल्यानं तो एका सर्व्हरवर ठेवला आणि मेलनं तिथून उचलावा अशी सोय करून दिली. पुढं खात्यात जो नवा येई, त्याला पहिल्या दिवशी हेल्मेट मिळे, बूट मिळत आणि माझ्या मेलचा तो शेवट मिळे. फक्त नाव बदलायचं, फोटो तोच. मला त्याचा कोण अभिमान. आणि तो सर्व्हर मध्यंतरी भंगारात गेला होता. हे सगळं मी लेकीला सांगितलं.

"मेल दर वेळी तो फोटो आणायला जातो," लेक म्हणाली. "त्या घराला कुलूप आहे. हा कडी वाजवत बसतो. तो दमेपर्यंत तुमचा पडदा अडकलेला."

मला हसू आलं आणि लागलंही. ढाल मिळाली गाड्या वेळेवर गेल्या म्हणून, आणि तिच्याच फोटोनं गाड्या अडवल्या.

"तो काढावा लागेल, बाबा."

"फोटो ठिवून काय व्हत असंल तर बघ की."

मग तिचा आवाज बदलला, हा घरातला होता.

"फोटो भिंतीवर लावू आपण. मेलखाली नुसतं नाव आणि खातं ठेवा. चाकणात तुम्हाला ओळखायला तेवढं पुरतं."

माझ्या मेलच्या शेवटातली फोटोची ती जागा निवडली आणि पुसली. मग नवा मेल उघडला, तर बटणावरून बोट उचलायच्या आत समोर कोरं पान. बाहेर उभ्या गाडीचा तपशील लिहिला, पाठवला, गेला. तिनं सांगितलं तसा मग बाकीच्यांनीही आपापला फोटो काढला आणि अख्ख्या खात्याचा मेल हलका झाला.

साहेब मागे येऊन कधी उभे राहिले होते कोण जाणे. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, कुठल्या कंपनीचा सपोर्ट घेतलात काका, बाई हुशार दिसतात.

"बाई न्हाई साहेब, माझी लेक हाय ती," मी म्हणालो. हे मात्र मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो. पार गेटवरच्या वॉचमननं मान वळवली.

साहेब हसले. म्हणाले, मग सोमवारचं राहू द्या, हे खातं तुमचंच. स्क्रॅप यार्डचं नाव पुन्हा निघालं नाही.

संध्याकाळी घरी आलो तर ती मोबाइलमध्ये तोंड खुपसूनच बसली होती. मी शेजारी टेकलो. मग तिनं मान वर न करता पुन्हा तो कामातला आवाज काढला.

"सर, तुमची अडचण सुटली असं समजून तिकीट बंद करू का?"

"नगं," मी म्हणालो. "ऱ्हाऊ दे चालू."