पापणीची सुई

कौसल्या गेल्याचा फोन माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने केला. "मॅडम, मंठ्याच्या बाई गेल्या," एवढं बोलला आणि त्याचा आवाज फुटला. तीन वर्षं तो माझ्या हाताखाली शिकला आणि रडत होता मात्र तिच्यासाठी. माझ्या मनात पहिलं आलं ते हे. दुसरं जे आलं ते आज पाच आठवड्यांनी लिहितानाही पेन अडतं... मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात काय चुकलंय, हे जाणणारं एकमेव माणूस आता उरलं नव्हतं.

आम्ही दोघी जालन्याला बी.एस्सी.ला एका बाकावर बसायचो. मी वाटूरजवळच्या घरच्या शेतीवाल्यांची, ती मेंढरांमागे रानोमाळ फिरलेल्या घरातली. पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी नदीतल्या गाळाचा थेंब सूक्ष्मदर्शीखाली ठेवला आणि काय दिसतं ते विचारलं. मी बराच वेळ डोळा लावून सांगितलं, "गाळ दिसतो सर." कौसल्या वाकली ती उठेचना. "ह्यात गाळ कुठंय सर? समदी जनावरंच हायेत. ही एक तर लेकुरवाळी हाय, दोन्ही बगलंत अंडी घिऊन चालली." सगळा वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशा नजरेनं माझ्याकडे पुढच्या तीन वर्षांत एकदाही पाहिलं नाही. अख्ख्या कळपातून एक लंगडं कोकरू लांबून हेरणारे तिचे डोळे होते, आणि मला सतराव्या वर्षीच चष्मा लागला होता. मार्क मलाच जास्त पडायचे. त्यानं काही शांत वाटायचं नाही.

पुढे मी परतूरच्या कॉलेजात प्राध्यापक झाले, ती मंठ्याच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला लागली. मला वाटलं, आता सुटलो एकमेकींच्या कचाट्यातून. पीएच.डी.ला मी दुधना नदीच्या गाळातले सूक्ष्म प्राणी हा विषय घेतला. पाण्याच्या तळाशी, वाळूच्या दोन कणांमधल्या फटीत आयुष्य काढणारे हे जीव. दोऱ्यासारखे सूत्रकृमी, मसुरीच्या दाण्याहून कितीतरी लहान पण त्याच आकाराच्या जोडशिंपल्यातले, डोक्यावरची केसांची चाकं गरगर फिरवणारे. मूठभर चिखलात किती तऱ्हा असतील याचा अंदाजच येत नाही. मी शिस्तीची बाई. नदीकाठीच बाटली भरायची, तिथेच फॉर्मॅलिन ओतायचं, चिठ्ठी चिकटवायची. कपाटात बाटल्या कशा रांगेत उभ्या असायच्या.

प्रबंध विद्यापीठात देऊन झाला होता तेव्हाची गोष्ट. शाळेतली सूक्ष्मदर्शी बिघडली म्हणून कौसल्या एका रविवारी एस.टी.नं परतूरला आली. पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात मी जिथून नमुने घेतले तिथलाच चिखल. दुपारभर ती माझ्या प्रयोगशाळेत बसली. मला हाक मारली तेव्हा तिनं वहीची नऊ पानं चित्रांनी भरली होती. त्यातले निम्मे प्राणी माझ्या यादीत नव्हतेच. एक चपटकृमी होता, तेलाचा थेंब ताटावरून घरंगळावा तसा सरकणारा. तिनं त्याचं नाव 'ओघळ' ठेवलं होतं.

"हा तुझ्या बाटलीत न्हाई का?"

"नाही."

तिनं माझी एक बाटली उघडली, थेंब काचेवर घेतला, पाहिला. मग हळूच म्हणाली, "हाय की गं. पर आवळून गोळा झालाय. शैले, तू आधी मारून राह्यली, मंग बघून राह्यली. मऊ अंगाचं जनावर फॉर्मॅलिनमध्ये वळखू येतंय व्हय?"

माझ्या प्रबंधात त्या गोळ्यांना मी 'सेंद्रिय कचरा' म्हटलं होतं. तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. सगळं पुन्हा करायचं तर आणखी दोन वर्षं गेली असती. मी म्हटलं, "बघू." आणि काहीच बघितलं नाही.

तोंडी परीक्षेला ती आली, मागच्या बाकावर बसली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं विचारलं, "मऊ शरीराचे प्राणी फारच कमी दिसतात तुमच्या यादीत?" मी म्हटलं, "सर, इथल्या गाळात ते नाहीतच." मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. ती उभी राहील, बोलेल, असं वाटत होतं. ती बोलली नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही कधी नाही. भांडली असती तर मीही भांडले असते आणि विषय मिटला असता. तिच्या त्या गप्प बसण्याचा मला जितका राग आला, तितका कुणाच्या बोलण्याचा आला नाही.

पेढे खाऊन झाल्यावर तिनं पर्समधून बॉलपेनची रिकामी नळी काढली. आत तुराटीची बारीक काडी, काडीच्या टोकाला नेलपॉलिशनं चिकटवलेला एक केस. "डॉक्टरीणबाईला आहेर," म्हणाली. "माझ्या पापणीचा हाय. बकरीचा घिऊन बघितला, ताठ निघाला. ह्या सुईनं जितं जनावर उचलता येतं, त्याला इजा व्हत न्हाई." कॉलेजात असताना गळलेली पापणी आम्ही मुठीवर ठेवून, मनात काहीतरी मागून फुंकायचो. ती म्हणाली, "आता फुंकून कशाला वाया घालायची?" मला तो आहेर टोमणा वाटला. ती नळी मी कपाटाच्या तळाशी टाकली, ती निवृत्तीच्या दिवशी सामानाबरोबर घरी आली तेवढीच.

नंतरची वर्षं मी तिच्यावर जळत काढली, दुसरा शब्द नाही. माझ्या नावामागे डॉक्टर लागलं, आणि मुलं चिखलाचे डबे घेऊन मंठ्याची एस.टी. धरायची. "बाई दाखवतात," म्हणायची. मीही दाखवायचे. माझ्याकडे मेलेले असायचे.

गेल्या हिवाळ्यात मंठ्याला तिला भेटायला गेले. केमोनं डोक्यावरचे केस गेले होते, ते पदरानं झाकले होते. चेहरा मात्र वेगळाच दिसत होता, आणि का ते मला कळेना. तिनंच सांगितलं.

"पापण्या बी गेल्या गं. आता एक बी सुई करता येत न्हाई." मग तिनं विचारलं, "तुला दिलेली हाय का अजून?"

"आहे की. रोज वापरते," मी म्हटलं.

ती इतकी खूश झाली... म्हणाली, "मंग बराबर हाय." उशीखालची ती चित्रांची वही तिनं माझ्या हातात दिली. प्रबंधाचं नावही काढलं नाही. मी तरी काढायला हवं होतं. चहा पिऊन मी निघाले.

ते आज इथे काढते आहे. दुधनेच्या गाळात मऊ शरीराचे प्राणी नाहीत, हे मी लिहिलेलं खोटं होतं. ते आहेत, खूप आहेत, आणि ते कौसल्यानं पाहिले. विद्यापीठालाही तसं पत्र पाठवलं आहे. तिची वही सोबत जोडली.

पत्र टाकून आल्यावर नदीवर गेले, डबाभर चिखल आणला. फॉर्मॅलिन नाही. घरातल्या जुन्या सूक्ष्मदर्शीपाशी तिची नळी उघडली. केस तसाच होता, किंचित वाकडा, काळा. दोन दुपारी काही दिसलं नाही. तिसऱ्या दुपारी वाळूचा कण पापणीनं बाजूला सारला, तर खालून ओघळ सरकत आला, थांबला, आणि आपण होऊन पापणीवर चढला. माझ्या हाताला आयुष्यात लागलेलं गाळातलं हे पहिलं जिवंत जनावर. आणि तेही चढलं तिच्या पापणीवर. मला तिचा हेवा वाटला, अगदी पहिल्या प्रॅक्टिकलला वाटला होता तसा.

त्याला परत पाण्यात सोडलं. सुई धुऊन, पुसून नळीत ठेवली. नळी आता कपाटात नाही, टेबलावर असते. उद्या लागेल.