बारपाशी भेट

यॉर्कमध्ये वेशीच्या दरवाजाला 'बार' म्हणतात. म्हातारा वाटाड्या विल्फ्रेड ओल्डरॉइड प्रवाशांना मिकलगेट बारखाली उभं करून सांगायचा, "लग्नाआधी मॉर्वेनाला म्हटलं, बारपाशी भेट. बाई परगावची! मी इथं पावसात कुडकुडतोय नि ही समोरच्या पबात बसलीय!"

मागून मॉर्वेना हमखास ओरडायची, "नीट सांगायला तुला काय झालं होतं?" लोक खो खो हसायचे.

हिवाळ्यात मॉर्वेना गेली. उन्हाळ्यात त्यानं तीच गोष्ट सांगितली आणि सवयीनं थांबला. मागून कुणी ओरडलं नाही.

"मग, भेटली का ती?" एका प्रवासी बाईनं विचारलं.

"भेटली की. आता परत कुठंतरी जाऊन बसलीय," विल्फ्रेड म्हणाला. "या खेपेला कुठं भेटायचं, तेच बोलायचं राहून गेलं."