अक्का आणि कापसातलं गाणं

अक्काला कुठलंही गाणं ऐकवा, तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "हिच्या मागं कोण गायलंय गं?" रेडिओवर नामांकित गायक जीव तोडून गात असायचे, आम्ही माना डोलवायचो, आणि अक्का कान टवकारून मागचे आवाज वेचत बसायची. नावं त्या आवाजांची कुणी सांगत नसे. मग ती स्वतःच त्यांना नावं ठेवायची. ही जाडी, ही रडकी, हिला घरी जायची घाई झाली आहे.

तिचं तरी काय चुकलं? ती स्वतः कायम मागंच बसलेली. दापोडीच्या आमच्या वस्तीत तिच्या धाकट्या दिराची, म्हणजे मास्तरांची, गायन पार्टी होती. जयंती जवळ आली की विहारापुढच्या अंगणात पेटी-ढोलकी निघे. पुढं मास्तर, मागं सतरंजीवर आम्ही बाया. मास्तरांची ओळ संपली की ती उचलून पुन्हा म्हणायची, एवढंच आमचं काम. अक्काचा आवाज त्या सतरंजीत मावायचा नाही. मास्तर गाता गाता मागं वळून म्हणायचे, "वहिनी, दमानं. कोरस धरायचा, पुढं पळायचं नाही." माणूस वाईट नव्हता. घरची बाई माइकसमोर उभी राहिली की लोक नावं ठेवतात, एवढं एक त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

अक्का आणि मी पिंपरीला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होतो. तिचे मालक तिथंच ड्रायव्हर. मशिनं बसवायला आलेला एक परदेशी साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या मडमेनं रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डांचा गठ्ठा त्यांनाच देऊन टाकला. पहिल्याच कव्हरवर एक बाई होती. सावळी वगैरे नाही, चांगली काळीभोर. डोळे मिटलेले, तोंड उघडं. अक्का ते कव्हर खाली ठेवीचना. "सुमे, ही तर आमच्या चंद्राआत्यासारखी दिसायली की गं!"

मी मॅट्रिक झालेली, त्यामुळे वस्तीत माझ्या इंग्रजीचा दबदबा. गाणं सुरू झालं आणि दबदबा संपला. एक शब्द कळेल तर शपथ! कव्हरच्या मागची बारीक छपाई मात्र मी अडखळत वाचून दाखवली. ह्या बाईचे पूर्वज गुलाम म्हणून आणलेले. दुसऱ्यांच्या मळ्यांत कापूस वेचताना ते गायचे. ते गाणं पुढं त्यांच्या प्रार्थनाघरात गेलं, तिथून रेकॉर्डवर आलं. आणि ज्या हॉटेलात हे लोक गायचे, तिथंच त्यांना जेवायला बसू देत नसत.

"तिथं बी कपबशी वेगळी?" अक्कानं विचारलं.

अशा गाण्याला तिकडे 'सोल' म्हणतात, सोल म्हणजे आत्मा, असंही मी सांगितलं. वर ऐटीत पुस्ती जोडली, "पण आत्मा आपण मानत नाही."

"नसू मानत. जीव तर मानतो ना? जीव लावून गायली बाई, झालं."

अक्का परभणीकडची. तिची माय लोकांच्या रानात कापूस वेचता वेचता म्हातारी होऊन गेलेली. "माझी माय बी गायची. बोंडानं बोटं फाटायची अन् गायची. तिची कुणी रेकॉर्ड नाही काढली." त्यानंतर तिच्या प्रश्नांना अंतच राहिला नाही. हिला लेकरं किती? मागच्या बाया हिच्या बहिणी का? शब्द कळत नव्हते तरी गठ्ठ्यातला एक गायक नुसत्या आवाजानं बायकोची इतकी मनधरणी करत होता की अक्का म्हणाली, "कर की गं बाई माफ त्याला एकदाचं!" आणि एक प्रश्न तर रोजचा होता, "हिला पुढं कुणी उभं केलं असंल? हिला दीर नव्हता का?" मी हसायची. अक्का हसत नसे.

ऐकून ऐकून तिनं एक गोष्ट पकडली. "टाळी बघ कुठं पडायली. आपण पाऊल टेकतो तिथं टाळी देतो. ह्या बाया पाऊल उचलतात तिथं देतात. अन् ह्या पोपटावानी तेच ते म्हणत नाहीत. ती विचारती, ह्या सांगतात." झालं! जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून आमची तालीम सुरू, संध्याकाळी सतरंजीवरच्या बाकीच्या बायांची. जन्मभर समेवर टाळी दिलेले आमचे हात मधल्या जागी पडायला तयारच होईनात. गाणं मात्र मराठीच, तिनंच जुळवलेलं. कापूस वेचणाऱ्या मायचं.

त्या जयंतीला पाहुणे शाहीर वेळेवर पोचले नाहीत आणि मैदान तर भरलेलं. अक्का उठली. "भावजी, एक गाणं म्हणू द्या. पडलं तर जन्मात पुन्हा मागणार नाही." मास्तरांनी नाइलाजानं माइक सोडला.

आणि गाणं पडायलाच लागलं. ढोलकी सुरू होताच सगळं मैदान कौतुकानं टाळ्या वाजवू लागलं, पण आपल्या सवयीच्या जागी. आमच्या टाळ्या मधल्या जागी. कुणाचं ऐकावं ते न कळून ढोलकीवाला थांबलाच. पोरं फिदीफिदी हसली. मास्तरांनी 'पुरे' असा हात केला.

अक्कानं लोकांकडे चक्क पाठ केली. आमच्याकडे तोंड करून, ढोलकी-पेटीशिवाय, पहिली ओळ पुन्हा म्हटली. आम्ही उत्तर दिलं. तिनं मायची बोटं कशी फाटली ते विचारलं, आम्ही सांगितलं. पाठमोऱ्या बाईचं गाणं ऐकायचं तर गप्प बसण्यावाचून लोकांना इलाज नव्हता. मैदान शांत झालं. शेवटच्या कडव्याला पुढच्या रांगेतल्या काही म्हाताऱ्या आमच्या जागी टाळी देऊ लागल्या होत्या.

घरी येताना मास्तर एवढंच म्हणाले, "लोकांना पाठ दाखवू नये, वहिनी."

पुढच्या वर्षापासून अक्काला एक गाणं मिळू लागलं. एकच, तेही सगळ्यांत शेवटी, लोक चपला शोधायला लागल्यावर. मला संताप यायचा. अक्का म्हणायची, "एक तर एक. मायला तेवढं बी नव्हतं."

काविळीनं ती गेली तेव्हा पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात वंदना झाली, आणि मास्तरांनी पेटी पुढं ओढून अक्काचंच गाणं काढलं. पहिली ओळ म्हटली. आम्ही मागून उत्तर दिलं. दुसऱ्या ओळीला त्यांचे शब्द संपले. इतकी वर्षं त्यांनी ते गाणं ऐकलं होतं, लक्षात कधी ठेवलं नव्हतं. मग पेटी उचलून मागं आले, आमच्या सतरंजीवर बसले आणि मान खाली घालून म्हणाले, "सुमनताई, तुम्ही बाया पुढं व्हा. मी कोरस धरतो."

रडू यायच्या आधी मला रागच आला. एवढंसं वाक्य! ते अक्का ऐकत असताना म्हणायला काय झालं होतं? पण विहार भरलेला होता आणि गाणं अर्धं राहिलं होतं. राग तसाच पोटात ठेवून मी उठले, आणि पुढं जाऊन बसले.